वरच्या खोलीचा पंचनामा

१

सदाशिवराव नांदापूरकरांची सही बघण्यासारखी होती. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली, त्यात कमावलेली ती एकच चीज. 'स'ला मोठा झोकदार वळसा, मग सरळ रेघ, रेघेखाली दोन टिंबं. निवृत्तीनंतर ही सही वापरायची कुठं, हा मोठाच प्रश्न होता. तो पोलिसांनी सोडवला.

बीड बायपासच्या अलीकडं त्यांची शुभदीप कॉलनी. सगळी रो-हाऊसं, एकाच बिल्डरची. तिथं नागरिक आणि पोलीस मिळून सुरक्षा समिती निघाली, तेव्हा सदाशिवराव सचिव झाले. अध्यक्ष झाले शेजारचे कारभारी अण्णा, कारण कॉलनीला आठ कॅमेरे त्यांनी बसवून दिले. आठही कॅमेरे रस्त्याकडं तोंड करून. सदाशिवरावांना 'पोलीस मित्र' लिहिलेली टोपी मिळाली, गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं, आणि माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. भंगारवाला गल्लीत शिरला की त्याचा फोटो ग्रुपवर. धुणंभांडीवाल्या बायांचे आधार कार्ड जमा करून चौकीत. चतुराबाई वीस वर्षं त्यांच्याकडं भांडी घासत होती, तिलासुद्धा ह्यांनी गेटवर अंगठ्यासाठी उभं केलं. चोर बाहेरूनच येतो, अशी साऱ्या कॉलनीची पक्की समजूत होती.

त्या गुरुवारी पाण्याचा दिवस होता. शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, आणि येतं तेही भर उन्हात तीन-साडेतीनला. सदाशिवराव डोक्यावर ओला टॉवेल टाकून गच्चीवर गेले. त्यांच्या गच्चीच्या पश्चिमेच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती. जुना कूलर, मोडका पाळणा आणि पाण्याचा पाइप, एवढं तिच्यात. पाइप काढायला ते आत गेले. खाली फरशीवर उन्हाचा चांगला चादरीएवढा चौकोन पडला होता.

पाइप घेऊन ते बाहेर आले, टाकीत सोडला, आणि मग थांबले. त्या खोलीला खिडकी एकच, आणि तीही पूर्वेला. मे महिन्यात दुपारी साडेतीनला पूर्वेच्या खिडकीतून ऊन कसं येईल? त्यांनी मान वर करून बघितलं. सूर्य खोलीच्या पाठीमागं, जिथं असायला पाहिजे तिथंच होता. परत आत डोकावले. चौकोन होताच. पाय ठेवला तर चटका बसला.

"कुणाच्या तरी सोलरच्या काचेवरून येत असेल," ते स्वतःशीच मोठ्यांदा म्हणाले. कारण सापडलं की सदाशिवरावांचं पोट भरायचं. टाकी भरेपर्यंत मात्र त्यांनी खोलीकडं पाठ केली नाही.

२

खाली उतरले तर दमयंतीबाईंच्या हातात कोर्टाचा कागद. "अहो, तुमच्या नावानं समन्स आलंय. तुम्ही पंच आहात म्हणे. सोनियाच्या केसमध्ये."

सोनिया म्हणजे कारभारी अण्णांची सून. सुदर्शनची बायको. सुदर्शन शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर होता. पोरगी फुलंब्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातली, बावीस वर्षांची, दम्याची. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, अशाच एका दुपारी, अण्णांच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ती मेली. बेचाळीस डिग्रीत, वर पत्रा, दम्याचा पंप खाली फ्रिजवर.

सासरचे म्हणाले, तिला एकटीनं झोपायची सवय होती. वर गेली, आतून कडी लावली, दम लागला, आम्हाला कळलंच नाही. कळलं तेव्हा दार धक्का मारून उघडलं. माहेरचे म्हणाले, तिला वर कोंडायचे. सारं प्रकरण येऊन अडकलं एका कडीवर. कडी आतून असेल तर पोरीचं नशीब, आणि बाहेरून असेल तर खून.

आणि कडी आतून होती, हे सदाशिवराव नांदापूरकरांनी सही करून सांगितलं होतं.

आता ही पंच म्हणून सही करण्याची रीत ऐका. पोलिसांना दर पंचनाम्याला दोन पंच लागतात. भली माणसं हात झटकून पळतात, कोर्टाची पायरी कोण चढणार? मग ज्याची चौकीत ऊठबस आहे, असा घरचा पंच धरायचा. कडुबा हवालदाराला सदाशिवराव असे सापडले की विचारू नका. चहा पाजायचा, कागद पुढं करायचा, "काका, एवढं करा" म्हणायचं. सतरा पंचनाम्यांवर त्यांची सही होती. त्यातल्या तीन ठिकाणी ते प्रत्यक्ष गेले होते.

सोनियाच्या वेळी तर शेजारचंच घर. ते गेले, जिन्यापर्यंत गेले. कडुबा म्हणाला, "काका, वर ऊन लई हाय, तुम्हाला बीपी. तुमी इथं पंख्याखाली बसा. मी लिहून आणतो." अण्णांच्या घरच्यांनी ताकाचा ग्लास आणून दिला. वर पोरगी पडलेली, आणि खाली सदाशिवराव जिरं घातलेलं ताक प्याले. मग कडुबानं आणलेल्या कागदाच्या तिन्ही पानांखाली झोकदार सह्या केल्या. दुसरा पंच धोंडिबा सलूनवाला. त्यानंही केल्या. तो पुढं दुकान मोडून कुठं गेला, कुणाला पत्ता नाही. त्याचं समन्स तसंच परत आलं. राहिले एकटे सदाशिवराव.

संध्याकाळी कडुबा पंचनाम्याची प्रत घेऊन आलाच. "काका, घाबरायचं काम नाय. पाठ करून टाका. पश्चिमेला एक खिडकी, हिरवा पडदा. फळीवर स्टीलचे तीन डबे. निळी खुर्ची. दाराला आतून लोखंडी कडी, वाकलेली. वकिलानं काय बी विचारलं, तरी एवढंच."

"तू वर गेला होतास ना, कडुबा?"

"म्हंजे काय? गेलतो की."

"मग कडी होती ना आतून?"

कडुबानं चहा बशीत ओतला. "अण्णा म्हनले व्हती, म्हंजे व्हती. त्यांनीच कॅमेरे दिले ना काका आपल्याला. आता सुदर्शनला पुन्यांदा स्थळं यायलीत. केस सुटली की बार उडवून टाकायचा म्हनत्यात."

३

पुढचे पाच दिवस सदाशिवराव रोज दुपारी जेवण झालं की पंचनामा वाचायचे. सरकारी मराठी त्यांच्या हाताखालची, तरी ती वाक्यं काही गळी उतरेनात. 'सदर खोलीचे दार पूर्वाभिमुख असून दारास आतील बाजूने लोखंडी कडी आहे, ती आम्हा पंचांना वाकलेल्या स्थितीत दिसून येते.' आम्हा पंचांना. दिसून येते. अहो, काय दिसून येते? तुम्ही ताक पीत होतात.

शनिवारी ते कूलरची गवताची जाळी आणायला वर गेले. खिडकीला हिरवा पडदा होता.

कापड जुनं, उन्हानं विटलेलं, वरच्या काठाला सुतळी ओवलेली. ते बराच वेळ बघत राहिले. मग गच्चीच्या जिन्यातून ओरडले, "अगं, वरच्या खोलीला पडदा तू लावलास का?"

दमयंतीबाई कुरड्या वाळत घालायला वर येतच होत्या. त्यांनी आत डोकावलं. "मी कशाला लावू? पण बरं केलंत, ऊन थांबेल." आणि कुरड्यांचं ताट घेऊन निघून गेल्या. त्यांना दिसला, ह्याचंच सदाशिवरावांना जास्त भय वाटलं. एकट्याला दिसला असता तर डॉक्टरकडं गेले असते, गोळी बदलून घेतली असती. आता काय बदलायचं?

रविवारी फळीवर तीन डबे होते. त्यांच्या खोलीत फळीच नव्हती. तिला हात लावला, चांगली सागवानी लागली. कूलर आणि पाळणा दिसेना. निळी खुर्ची दिसली.

माणसाचं डोकं अशा वेळी काय काय रचतं बघा. चतुराबाईनं आणून ठेवलं असेल. पुंडलिकनगरला राहणारा भाचा आपल्याला न विचारता सामान टाकून गेला असेल. त्याला फोनसुद्धा केला. भाचा म्हणाला, "मामा, मी दिवाळीनंतर आलोच नाही तुमच्याकडं." सदाशिवरावांनी 'बरं बरं' करून फोन ठेवला. मग मनाशी ठरवलं, की आपण तो कागद फार वाचतोय, आणि वाचलेलं डोळ्यांपुढं येतंय. हे कारण त्यांना पटलं. कागदात आहे तेवढंच तर दिसतंय! कागद संपला की हेही संपेल.

पण वरून ठक् ठक् आवाज येत होता, तो कागदात नव्हता. दुपारी साडेतीनला सुरू व्हायचा. आधी जोरात, मग हळू, मग थांबून थांबून. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. "पत्रा तापला की बोलतोच," ते दमयंतीबाईंना म्हणाले. असंच एकदा पूर्वीही ते म्हणाले होते, हे त्यांना आठवलं, आणि त्यांनी चॅनल बदललं.

४

सोमवारी सकाळी गेटवरून फोन आला. एक खेड्यातली बाई आलीय, रजिस्टरमध्ये कारण काय लिहू? सदाशिवराव स्वतः गेले. लुगड्यातली, पायात रबरी चपला, कपाळ मोकळं. आवडाबाई. सोनियाची आई. तीन वर्षांत ती खंगून अर्धी झाली होती.

"दादा, तुमीच पंच हायेत ना? वकील म्हनले, तुमच्यावर हाय सगळं. म्या भांडाया नाय आले. येक इचारायचं व्हतं."

"विचारा ना."

"तुमी वर गेलते का?"

वॉचमन बघत होता. वरून कॅमेरा बघत होता. समोर अण्णांच्या गॅलरीत अण्णा पेपर वाचत उभे होते, आणि पेपराचं पान मघापासून उलटलं नव्हतं.

"गेलो होतो," सदाशिवराव म्हणाले.

"कडी आतून व्हती?"

"होती."

बाईनं मान हलवली. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. तिनं तेवढं केलं असतं तर सदाशिवरावांना बरं वाटलं असतं. "तिला कडी लावून निजायची लई भीती, दादा. ल्हानपनापासून. दम कोंडतो म्हनायची. न्हानीचं दारबी नुसतं लोटून घ्यायची. तुमी पाह्यलं म्हनता, तर पाह्यलंच आसंल." तिनं पदर डोक्यावर घेतला आणि फुलंब्रीच्या बसची वेळ वॉचमनला विचारली.

घरी आल्यावर दमयंतीबाई म्हणाल्या, "काय म्हणत होती?"

"काही नाही."

"उगाच वाकड्यात शिरू नका हं. आपल्याला अण्णांच्या शेजारी राहायचंय." आणि जरा वेळानं, भाजी निवडता निवडता, "पोरगी मात्र गरीब होती हो. एकदा माझ्याकडं लिंबू मागायला आली, तर सासू हाक मारून घेऊन गेली. लिंबू तसंच राहिलं."

दुपारी सदाशिवराव मुद्दाम वर गेले. जीव मुठीत धरून गेले, पण गेले. त्यांना फक्त दार बघायचं होतं. दार उघडून आतली बाजू उजेडात धरली. पंचनाम्यात कडी होती. दारावर नव्हती. वाकलेली नाही, सरळ नाही, कुठलीच नाही. स्क्रूची भोकंसुद्धा नव्हती. निळसर रंग दिलेलं सलग लाकूड, आणि त्यावर कमरेच्या उंचीला नखांनी रंग खरवडून निघालेला. खाली उंबऱ्याशी हिरव्या बांगडीचे दोन तुकडे.

हे कागदात कुठंच नव्हतं. सदाशिवरावांना एकाएकी ढळढळीत कळलं, की कडुबासुद्धा वर आला नव्हता. किंवा आला होता, आणि दाराची आतली बाजू बघून खाली गेला होता. दोन्हींतलं वाईट कोणतं, ते त्यांना ठरवता येईना. त्यांना स्वतःची किळस आली.

५

गुरुवारी पुन्हा पाणी. कोर्टाची तारीख सोमवारी.

ते गच्चीवर गेले, तेव्हा ठक् ठक् चालू होतं. आज टीव्ही नव्हता, दमयंतीबाई शेजारी हळदीकुंकवाला गेल्या होत्या. आवाज त्यांच्याच खोलीतून येत होता आणि दाराला बाहेरून कडी होती. ती त्यांनीच लावली असणार, दुसरं कोण लावणार? त्यांनी कडी काढली. आवाज थांबला.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं. सचिवाच्या आवाजात, टोपी घातल्यासारखं विचारलं. मग त्यांनाच त्याची लाज वाटली, आणि ते आत गेले.

आत कुणी नव्हतं. पाठीमागं दार लोटलं गेलं आणि बाहेरची कडी आपल्या वजनानं कोयंड्यात पडली. खट्.

सदाशिवराव आधी घाबरले नाहीत. दार ओढलं. ढकललं. हात सवयीनं आतली कडी शोधायला गेला, आणि सलग लाकडावरून खाली घसरला. मग मात्र त्यांची पाचावर धारण बसली. पत्रा डोक्यावर हातभर होता. श्वास घ्यावा तर छातीत नुसती धग जायची. त्यांनी दार बडवलं, "अगं, ए! कुणी आहे का?" घसा दोन हाकांत सुकला. तिसरी हाक निघालीच नाही.

तेव्हा ते खिडकीकडं गेले. त्यांच्या खिडकीतून अण्णांची गच्ची दिसायची, पूर्वी अण्णांची पत्र्याची खोलीही दिसायची. आज पडदा सारला, तर समोर त्यांची स्वतःची गच्ची होती. त्यांची काळी टाकी. कुरड्यांची ताटं. आणि टाकीशी एक माणूस, बनियनवर, डोक्यावर ओला टॉवेल, हातात पाइप धरून पाठमोरा.

सदाशिवरावांनी खिडकीचे गज हलवले. पत्र्यावर हात आपटला. ठक्. ठक्.

माणूस वळला. त्यानं कपाळाला हात आडवा लावून बघितलं. नीट बघितलं. वीस पावलांवरून, चांगल्या लख्ख उन्हात. तोंड त्यांचंच होतं, जरा कमी पिकलेलं. डोळ्यांना डोळे भिडले. मग त्या तोंडावर जे आलं, ते सदाशिवरावांना बाहेरून कधीच दिसलं नव्हतं. कुणी न बोलावता पाहुणा आला, की माणसाचं तोंड होतं ना, तसं. दुसऱ्याच्या घरातलं आहे, आपण कशाला मध्ये पडा, अण्णा काय म्हणतील. एवढं सगळं त्या तोंडावरून सरकून गेलं, आणि माणसानं मान खाली घातली. टाकी पुरती भरलीही नव्हती, तरी कॉक बंद केला. जिना उतरून गेला.

थोड्या वेळानं खालून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

आता खोलीत आणखी कुणी तरी श्वास घेत होतं. आखूड, शिट्टीसारखा वाजणारा. अगदी त्यांच्या खांद्याशी. सदाशिवराव वळले नाहीत. वळायची छातीच झाली नाही. त्यांच्या हाताशेजारी, त्याच गजावर, आणखी एक हात होता, तेवढाच त्यांना दिसला. बारीक मनगट, त्यात हिरवी बांगडी एकच. तो हात माणसाला बोलवत होता. माणूस निघून गेला, तरी बराच वेळ बोलवत होता. मग गजावरून बोटं एकेक करून सुटली.

"अहो!" दार उघडलं. दमयंतीबाई उभ्या होत्या, हातात वाणाचं ताट. "पाणी वाहून चाललंय सगळं, आणि तुम्ही इथं काय करताय? बाहेरून कडी कुणी लावली?"

खोलीत कूलर होता, मोडका पाळणा होता. पूर्वेच्या खिडकीतून अण्णांची गच्ची दिसत होती, तिथं सुदर्शनचे शर्ट वाळत होते. सदाशिवरावांनी बायकोचा हात घट्ट धरला. "दिसलं होतं गं मला," ते म्हणाले. "त्या दिवशी मी बघितलं होतं तिला." दमयंतीबाईंनी 'कुणाला?' असं विचारलं नाही. हात सोडवून घेतला आणि त्या कॉक बंद करायला गेल्या.

६

सोमवारी कोर्टात सदाशिवरावांनी टोपी घातली नव्हती. रात्रभर जागून त्यांनी एकच ठरवलं होतं. जे आहे ते सांगायचं.

सरकारी वकिलांनी पंचनामा पुढं धरला. "ह्यावर सही तुमची?"

"माझी."

"मजकूर बरोबर आहे?"

"नाही. दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून होती."

कोर्टात एकदम चुळबुळ झाली. मागच्या बाकावर कारभारी अण्णांनी मान वर केली. कडुबा हवालदार दाराशी उभा होता, तो हळूच बाहेर सटकला. भिंतीशी बसलेली आवडाबाई उभी राहिली. शिपायानं तिला खाली बसवलं.

आरोपीचे वकील उठले. हुशार माणूस, आवाज चढवला नाही. "नांदापूरकर साहेब, ही सही केली त्या दिवशी तुम्ही वरच्या खोलीत गेला होतात?"

"नाही. मी खाली बसलो होतो."

"म्हणजे खोली तुम्ही बघितली नव्हती."

"त्या दिवशी नाही."

"मग कधी बघितली?"

सदाशिवरावांनी वर बघितलं. डोक्यावर पंखा फिरत होता. ते खरं बोलायला आले होते, आणि खरं एवढंच होतं.

"परवा," ते म्हणाले. "गुरुवारी."

"गुरुवारी? ती खोली पाडून दोन वर्षं झाली. तिथं आता नवीन बांधकाम आहे, महापालिकेची परवानगी जोडलेली आहे. कुठली खोली बघितलीत तुम्ही?"

"माझ्या गच्चीवरची."

कुणी तरी हसलं. मग सगळेच हसले, वकिलांनी रुमालानं तोंड पुसलं. न्यायाधीशांनी शांतता राखायला सांगितलं, पण त्यांनीही चष्म्यावरून सदाशिवरावांकडं जरा दयेनं बघितलं. सदाशिवराव घाईघाईनं सांगू लागले, नखांचे ओरखडे, बांगडीचे तुकडे, दाराचा रंग निळसर होता, तिच्या हातात हिरवी बांगडी एकच होती. वकील प्रत्येक गोष्टीला पंचनाम्यावर बोट ठेवून म्हणत होते, "ह्यात नाही." आणि खरंच, त्यात नव्हतं. जे त्यात होतं, त्याखाली त्यांची सही होती. 'स'ला वळसा, सरळ रेघ, दोन टिंबं.

"टाकीपासून मी तिला बघितलं होतं," ते शेवटी म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी. जिवंत असताना."

"पोलिसांना दिलेल्या जबाबात हे आहे?"

"नाही."

"तीन वर्षांत कुणाला सांगितलंत का?"

"नाही."

"तुमच्या त्या सुरक्षा समितीच्या ग्रुपवर? तिथं तर भंगारवाल्यांचेही फोटो टाकता म्हणे तुम्ही."

साक्षीदार फितूर झाला, असं लिहून घेतलं. साक्ष विश्वासार्ह नाही. दुसरा पंच नाही. बाहेर पडताना अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, चारचौघांत, मोठ्या मनानं. "उन्हाचं जपत जा, सदाशिवराव. वय झालं आता आपलं. समितीचं काम दुसऱ्या कुणाकडं देऊ." सदाशिवराव त्या हाताखालून सरकून पायऱ्या उतरले.

७

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली आवडाबाई बसली होती. कुणी तरी पाण्याची बाटली दिलेली, ती तशीच पुढ्यात. सदाशिवराव तिला चुकवून जाणार होते. तिनंच हाक मारली.

"दादा, इकडं या."

ते गेले. "माफ करा," ते म्हणाले. "त्यांनी ऐकलं नाही."

"त्ये हसले, मला ठावं हाय. म्या नाय हसले." तिनं त्यांच्याकडं वर बघितलं. "तुमी पाह्यलं म्हनला, ते मला पटलं. तवा नव्हतं पटलं, गेटावर. आज पटलं. तुमी तिची येकच बांगडी म्हनला ना? दुसरी म्या तिच्या हातातून काढली व्हती, माहेराला आलती तवा. फुटंल म्हनून ठिवली. ती घरात हाय माज्या. कुनाला बी सांगितलं नव्हतं म्या."

सदाशिवराव झाडाला टेकले. त्यांना वाटलं, आता ही आपल्याला सोडून देईल. कुणी तरी विश्वास ठेवला, आता झालं.

"मग मला येवढं सांगा," आवडाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला. "शेवटाला माजी पोरगी दाराकडं व्हती, का खिडकीकडं?"

"खिडकीकडं."

"वारा लागला आसंल का थोडा?"

"थोडा."

"येकलीच व्हती? का कुनी व्हतं समोर? कुनाकडं बघत व्हती ती?"

कोर्टातून माणसं बाहेर पडत होती. पलीकडं सुदर्शन गाडीचा दरवाजा उघडून अण्णांची वाट बघत होता, मोबाईलवर कुणाशी तरी हसून बोलत होता. सदाशिवरावांना खोटं बोलता आलं असतं. आभाळाकडं म्हणता आलं असतं. देवाकडं म्हणता आलं असतं, म्हातारीला तेवढाच आधार झाला असता. इतक्या खोट्या सह्या केलेल्या माणसाला एक शब्द जड नव्हता.

"माझ्याकडं," ते म्हणाले.

आवडाबाईनं पाण्याची बाटली उचलली, झाकण घट्ट केलं आणि पिशवीत ठेवली. मग ती उठली आणि त्यांच्याकडं न बघता बसस्टँडच्या दिशेनं चालू लागली.